एका नावात तीन नाना

मला कोडिंग येतं, आणि ते मी एका दुपारीत शिकलो. त्या एका दुपारच्या शिक्षणावर मी माझ्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडायला आणलं.

आधी माझ्या शिक्षणाचं सांगतो, ते लवकर संपतं. माझी शाळा चौथीत सुटली. मी नाही सोडली, शाळेनेच मला सोडलं. गुरुजी वडलांना म्हणाले, "याला घरी ठेवा, म्हणजे बाकीच्यांना शिकवता येईल." वडलांना वाटलं, तारीफ केली. त्यांनी गुरुजींना चहा पाजला.

धंदा माझा मंडप आणि साउंडचा. जळगावात, मेहरूणला घर. लग्नात माईकवर जो बोलतो ना, 'अमुक गावचे अमुक पाहुणे आलेले आहेत, त्यांचं स्वागत,' तो मी. देवाने आवाज मोठा दिला, आत घालायला काही दिलं नाही, म्हणून मी लोकांचे मानपान घालतो आणि पोट भरतो.

या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच वर्षी कळली. आमच्याकडे मोठ्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत. नाना, आबा, भाऊ, अक्का, एवढ्यात आख्खा जिल्हा बसतो. माझ्या बायकोच्या भावाचं खरं नाव मला माझ्याच लग्नाच्या पत्रिकेत कळलं, आणि मी ते विसरूनही गेलो, कारण वापरायचं कुठे? लहानपणी मी एकदा शेजारच्या म्हाताऱ्याचं नाव तोंडाने घेतलं, तर आईने हातातली पोळी तव्यावर सोडली आणि आधी माझं थोबाड भाजलं.

तर नवीन नवीन असताना मी माईकवर म्हटलं, "नाना, फेटा बांधून घ्यायला स्टेजवर या." अर्धा मंडप उठला. फेटा एक आणि नाना वीसतरी. त्यांना परत खाली बसवता बसवता मुहूर्त निघून चालला होता. तेव्हापासून मी गाव लावल्याशिवाय कधी नाना म्हटलं नाही. एरंडोलचे नाना. फागण्याचे नाना. पारोळ्याचे नाना, चष्म्याचे. हे मला पक्कं माहीत होतं. तुम्ही हे ध्यानात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

माझी पोरगी कॉम्प्युटर शिकली. वेबसाईटी बनवते, एका ऑफिसात कामाला आहे. ही माझ्या पोटी कशी आली याचा आमच्या घरी कोणी शोध घेत नाही, सगळे बायकोकडे बघतात. तिचं लग्न धुळ्याला ठरलं. मुलाचे वडील म्हणजे आमचे व्याही, त्यांनाही सगळे नाना म्हणतात. धुळ्यात त्यांचं भांड्यांचं दुकान. माणूस असा की आयुष्यात सुपारी खाल्ली नाही. लग्नात लोक आग्रह करकरून पान देतात, ते हे खिशात घालतात आणि घरी जाऊन गाईला देतात.

पोरगी म्हणाली, छापील पत्रिका थोड्या काढू, बाकी नेटवर पान करू. ज्याला लिंक पाठवू त्याने दाबलं की त्याच्यासाठीच लिहिलेला मजकूर उघडेल. मामाला मामाचा, मावशीला मावशीचा. मला हे इतकं आवडलं की मी दोन दिवस चौकातल्या चहाच्या टपरीवर दुसरं काही बोललोच नाही. टपरीवाला म्हणाला, "भाऊ, तुम्हाला येतं का ते?" मी म्हटलं, "येतं म्हणजे? मीच करून राहिलो!"

म्हणून मला शिकणं भाग पडलं.

शिवाय कारणही होतं. पोरीने बहुतेक पाहुण्यांचं करून ठेवलं होतं. पण व्याह्यांना निमंत्रण मुलीच्या बापानेच द्यायचं असतं, त्यात शब्द माझे पाहिजेत. आणि ती केळवणाला मावशीकडे शिरपूरला निघाली होती. जाण्याआधी दुपारी तिने मला लॅपटॉपसमोर बसवलं.

"पप्पा, यात सगळं व्हेरिएबलवर चाललंय."

"म्हणजे?"

"तुमच्या साउंडच्या मिक्सरवर तुम्ही पांढऱ्या पट्ट्या चिकटवता ना? त्यावर काय लिहिता?"

"भटजी. बँड. मी."

"भटजी लिहिलेल्या पट्टीच्या वायरीत आवाज कोणाचा येतो?"

"भटजींचा."

"आणि तो माईक मध्येच दुसऱ्या भटजींनी घेतला तर?"

"तर दुसऱ्याचा."

"मग पट्टी बदलता?"

"पट्टी कशाला बदलू? पट्टी तीच. आवाज बदलला."

"झालं! पट्टी म्हणजे व्हेरिएबलचं नाव. आवाज म्हणजे त्यात ठेवलेली व्हॅल्यू. नाव तेच राहतं, आत काय आहे ते बदलू शकतं. म्हणून व्हेरिएबल, बदलणारं."

मी उडालोच. म्हटलं, एवढी वर्षं मी वायरी जोडून राहिलो आणि मला कोणी सांगितलंच नाही की मी कॉम्प्युटरवाला आहे!

मग तिने लिहून दाखवलं. आधी इंग्रजीत लेट. लेट म्हणजे नवीन पट्टी काढली, असं जाहीर करायचं. मग नाव, ते मराठीतही चालतं. मग बरोबरचं चिन्ह. मग दोन्हीकडून अवतरण चिन्हं टाकून मजकूर.

"हे बरोबरचं चिन्ह तुम्ही बरोबर असं वाचायचं नाही," ती म्हणाली. "ठेव, असं वाचा. उजवीकडचं उचलायचं आणि डावीकडच्या नावात ठेवायचं."

आणि पुढे तिने लिहिलं: पाहुणे, बरोबरचं चिन्ह, पाहुणे अधिक एक.

मी खुर्चीवरून उठलो. "हे खोटं आहे! पाहुणे हे पाहुण्यांपेक्षा एकाने जास्त कसे? मी चौथीत हे लिहिलं असतं तर गुरुजींनी मला तिसरीतच काढला असता."

"पप्पा, बसा. ठेव, असं वाचा म्हटलं ना? आधी जेवढे पाहुणे होते त्यात एक मिळव आणि परत त्याच नावात ठेव."

"मग आधीचा आकडा कुठे गेला?"

"गेला."

"गेला म्हणजे कुठे?"

"कुठेच नाही. नवीन ठेवलं की जुनं पुसलं जातं."

मला खरंच धक्का बसला. काही आवाज नाही, निरोप नाही, गेला म्हणजे गेला. मी म्हटलं, "बिचारा." पोरगी हसली आणि पुढे गेली. ते वाक्य मी तिथेच पाटीवर कोरून ठेवायला पाहिजे होतं. मी नुसतं बिचारा म्हणून सोडून दिलं.

"आणि जे बदलायचंच नाही त्याला लेट नाही लावायचं, कॉन्स्ट लावायचं," ती म्हणाली. "एकदा ठेवलं की पक्कं. कोणी बदलायला गेलं तर कॉम्प्युटर ऐकत नाही."

"लग्नाची तारीख?"

"कॉन्स्ट."

"मंडप?"

"कॉन्स्ट."

"नवरदेव?"

"पप्पा!" ती ओरडली. मग लाजून हळूच म्हणाली, "कॉन्स्ट."

एक शेवटचं सांगितलं: नावात मध्ये जागा सोडायची नाही. आणि लिंकच्या शेपटीला जे नाव लिहाल त्या नावातला मजकूर उघडतो. तिने खाली एक बटण करून ठेवलं होतं, ते दाबलं की केलेला बदल नेटवर चढायचा. मी सगळ्याला हो हो म्हटलं. माईकवाल्याला हो म्हणायची सवय असते.

ती शिरपूरच्या बसमध्ये बसली आणि मी लॅपटॉपसमोर बसलो.

पहिले धुळ्याचे व्याही. मी लेट लिहिलं आणि पुढे आदराने लिहिलं, धुळ्याचे नाना. बटण दाबलं. पान पांढरं फटक. नवरी नाही, नवरदेव नाही, गणपतीसुद्धा गेला. मग आठवलं, मध्ये जागा सोडायची नाही. आता काय कापू? 'धुळ्याचे' कापू का 'नाना' कापू? मी विचार केला, माणसाचा मान महत्त्वाचा, गाव काय पळून चाललंय? गाव कापलं. नुसते नाना ठेवले. गणपती परत आला.

मजकूर मी मनापासून लिहिला. एक एक अक्षर शोधत संध्याकाळ झाली. "नाना, पोरगी तुमच्या पदरात घालतो आहे. लग्नातला पहिला फेटा तुमचा. तुमचा पाय मंडपात पडल्याशिवाय मी माईक चालू करणार नाही." पान उघडून पाहिलं, बरोबर. लिंक पाठवली. थोड्या वेळाने त्यांचा फोन. रडवेला आवाज, आणि व्याह्याला याही म्हणणारी त्यांची अहिराणी. "याही, वाचीसन डोया भरी उनात." मी बायकोला म्हटलं, बघ, माझ्या शब्दाने डोळे भरले. ती म्हणाली, शिकवलं कोणी ते बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोचा भाऊ, अमळनेरचा. माझ्यापेक्षा मोठा, म्हणून नाना. मुलीच्या मामाचा मान त्याचा. मी परत लेट लिहिलं, नाना लिहिलं, मजकूर लिहिला, "नाना, मामाचा मान तुमचा, रुसू नका, वेळेवर या." बटण दाबलं. पान परत पांढरं! या वेळी मध्ये जागा नव्हती. लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात लाल अक्षरात इंग्रजी भांडण चाललं होतं. आता मला कळतं ते काय म्हणत होतं. ते म्हणत होतं, बाबा रे, नाना नावाची पट्टी आधीच काढलेली आहे, तू परत नवीन कशी काढतोस? कॉम्प्युटर माझ्यासमोर हात जोडत होता. मला इंग्रजी येत नाही. मी इकडचं खोडून पाहिलं, तिकडचं खोडून पाहिलं, आणि शेवटी लेट खोडलं. लाल भांडण बंद. पान आलं. उघडून पाहिलं, अमळनेरच्या नानांचा मजकूर अगदी बरोबर.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी स्वतः दुरुस्ती केली होती! आणि आणखी एक सोय माझ्या लक्षात आली: लिंकच्या शेपटीला परत नानाच. म्हणजे नवीन लिंक बनवायलाही नको, कालचीच पुढे ढकलायची. ढकलली. मला वाटलं, पोरगी एवढी शिकली, पण ही युक्ती तिला सुचली नाही.

आता मला मजा यायला लागली. दूधवाल्याचंही पान करायचं माझ्या मनात होतं. पण आधी आचारी. आमचा आचारी मेहरूणचाच, वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी करावी तर त्यानेच, पण बाटली दिसली की त्याला चूल दिसत नाही. वयाने मोठा. त्यालाही आम्ही नानाच म्हणतो. तोंडावर बोलायची हिंमत होत नाही, म्हणून मी लिहिलं: "नाना, लवकर या. कढई तुमचीच आणा. मागच्या लग्नात बट्ट्या आतून कच्च्या राहिल्या, लोकांनी मला नावं ठेवली. आणि या वेळी पिऊन येऊ नका, नाहीतर मंडपाच्या बाहेर बसवीन."

बटण दाबलं. उघडून पाहिलं. बरोबर. लिंक पाठवली. मस्तपैकी चहा घेतला.

दुपारी धुळ्याहून फोन आला. व्याहीच.

"याही," ते म्हणाले. आवाज एकदम सपाट.

"बोला नाना!"

"कढई केवढी आणू?"

भांड्यांचे दुकानदार. मला वाटलं, लग्नाला आहेर म्हणून कढई देतात की काय. मी हसून म्हटलं, "आणा नाना, मोठ्यात मोठी! तुमच्या घरी काय कमी?"

मग म्हणाले, "बरं. आणि मंडपाच्या बाहेर नेमकं कुठे बसू?"

फोन कट.

मी फोन हातात धरून उभाच. बायकोने विचारलं काय झालं. मी लॅपटॉप उघडला, व्याह्यांचं पान उघडलं. आचारी. अमळनेरचं उघडलं. आचारी. आचाऱ्याचं उघडलं, तर तिथेही आचारी, तो एकटाच आपल्या जागी होता.

"हे आचाऱ्याला लिहिलं ना तुम्ही?" बायको म्हणाली.

"हो."

"मग व्याह्यांना कसं गेलं?"

"व्याह्यांना त्यांचंच गेलं होतं गं! त्यांनी काल वाचलं, रडले सुद्धा!"

"मग रात्रीतून ते आचारी कसे झाले?"

जिवंत माणसाचा मान माझ्या हाताखालून उडून गेला होता आणि मला खूणसुद्धा दिसली नव्हती.

तेवढ्यात नवरदेवाचा फोन, दबक्या आवाजात. घरी सगळे भाऊबंद देवापुढे पत्रिका ठेवायला जमलेत. नाना कौतुकाने सांगत होते, आमच्या याहीने काय लिहिलंय बघा, म्हणून त्यांनी फोन भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडला आणि लिंक दाबली. सगळ्यांनी मोठ्याने वाचलं. पिऊन येऊ नका, इथपर्यंत. "सगळे चिडलेत, पप्पा," तो म्हणाला. "काका म्हणून राहिले, लग्नाआधी अशी भाषा, तर लग्नानंतर काय? पुन्हा विचार करू म्हणतात. तुम्ही या."

पुन्हा विचार करू! बायको उठली, लॅपटॉप पिशवीत घातला, पिशवी माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाली, "जा. आणि तिथे माईकसारखं बोलू नका."

धुळ्याच्या बसमध्ये मी पिशवी मांडीवर धरून बसलो, अस्थी नेतात तशी. पाळधी गेलं तेव्हा पोरीला फोन लावला. सगळं सांगितलं.

"पप्पा, नाना नाव तुम्ही कितीदा लिहिलं?"

"ज्याला ज्याला नाना म्हणतो त्याला. दुसरं काय लिहू?"

"आणि दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा त्याने अडवलं नाही?"

"अडवलं. मी लेट खोडलं. मग चाललं."

"पप्पा! एकाच पट्टीत तीन आवाज घातले तुम्ही! त्यात शेवटी जे ठेवलं तेच राहणार. बाकीचं पुसलं जाणार. मी सांगितलं होतं ना?"

"मी तर दरवेळी उघडून पाहिलं, बाळा. दरवेळी बरोबर होतं."

"दरवेळी तुम्ही नुकतंच ठेवलेलं पाहिलंत!" तिचा आवाज फाटला. मग एकदम बारीक झाला. "त्या लोकांनी नाही म्हटलं तर, पप्पा?"

मी म्हटलं, "नवरदेव कॉन्स्ट आहे." ती हसली नाही. फोन ठेवला तिने.

एरंडोलच्या स्टँडवर अमळनेरच्या मेव्हण्याचा फोन. मी मनात म्हटलं, आला दुसरा. पण हा हळू आवाजात, "दाजी, खरं सांगा, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय?"

"माझ्या पिण्याचं. घरी कोणाला माहीत नाही. माझ्या बायकोला सांगू नका. मी देवाची शपथ घेतो, लग्नात थेंब घेणार नाही. कढई पण आणतो."

मी म्हटलं, बरं. आता बसमध्ये याला व्हेरिएबल कुठे समजावू?

धुळ्याच्या घरी बैठकीत सगळे भिंतीला टेकून बसलेले. नाना मधोमध. कोपऱ्यातल्या खाटेवर त्यांची मोठी बहीण, अक्का. डोळ्यांना कमी दिसतं, ऐकायला मात्र भिंतीपलीकडचं येतं. टीव्हीवर माझा मजकूर अजून तसाच, हाताएवढ्या अक्षरात. त्याच्याखाली मी बसलो. मला पाणी आणून दिलं. चहाचं कोणी नाव काढेना. आमच्याकडे पाहुण्याला नुसतं पाणी देणं म्हणजे काय ते मला कळतं.

मी समजवायला गेलो. "नाना, त्याचं असं झालं, तुमच्यात आचारी ठेवला गेला."

"काय?"

"म्हणजे तुम्ही पुसले गेलात, आणि त्या जागी..."

"मी पुसला गेलो?" नाना आजूबाजूला बघायला लागले. काका सगळ्या जमलेल्यांकडे हात करून म्हणाले, "बठ्ठा लोकंसमोर काय बोली राह्यनात तुम्ही?" बायकोने माईकसारखं बोलू नका म्हटलं होतं. मी माईकपेक्षा वाईट बोलत होतो.

शेवटी मी फोन काढला, पोरीला लावला आणि स्पीकर चालू करून फरशीवर ठेवला. म्हटलं, "तूच बोल. मी बोललो की माणसं मरतात."

होणारी सून, लग्नाआधी, सासरच्या सगळ्या माणसांसमोर. घाबरली असणार. पण बोलली.

"नाना, नमस्कार करते. पप्पांनी तुमचं नाव लिहिलं नाही, कारण मोठ्या माणसाचं नाव ते घेत नाहीत. नुसतं नाना लिहिलं. मग मामांनाही नाना, आचाऱ्यालाही नाना. कॉम्प्युटरला वाटलं, हे एकच नाना आहेत, आणि याने फक्त निरोप बदललाय. त्याने जुना टाकला, नवीन ठेवला. काल तुम्ही वाचलं ते तुमचं होतं. आज वाचलं ते आचाऱ्याचं. पप्पा, लॅपटॉप उघडा."

मी उघडला. सगळे मागे उभे राहिले. माझ्या मानेवर त्यांचा श्वास लागत होता.

"लेट लिहा. आता धुळ्याचे लिहा. जागा सोडू नका, तिथे खालची रेघ द्या. रेघेने दोन शब्द जोडले जातात. मग नाना."

धुळ्याचे, खालची रेघ, नाना. एवढी एक रेघ! तिच्यावाचून मी गाव कापलं होतं.

"आता त्यांचा मजकूर. आठवतो ना?"

आठवतो म्हणजे? शब्द एकही चुकला नाही. मग अमळनेरच्या नानांना त्यांची पट्टी, आचाऱ्याला त्याची. बटण दाबलं. नवरदेवाने टीव्हीवर नवीन लिंक उघडली. माझ्या डोक्यावर, हाताएवढ्या अक्षरात, पोरगी तुमच्या पदरात घालतो आहे.

नानांनी चष्मा पुसला आणि परत वाचलं. या वेळी त्यांनी स्वतःच मोठ्याने वाचलं, पहिल्या फेट्यापर्यंत आले आणि थांबले. काका म्हणाले, "मंग कढई नको ना?" कोणीतरी फिसकन हसलं. मग नानाही हसले. फोनमधून पोरीने नाक ओढल्याचा आवाज आला.

माझ्या जिवात जीव आला आणि तोही तोंडात जाऊन बसला. मी म्हटलं, "बघा, एकदा समजलं की सोपं असतं हे! आता मला पूर्ण येतं. तुमच्या घरचं कुठलंही कार्य असू द्या, पान मीच..."

खाटेवरून अक्का बोलली.

"पोर मायवर गयी शे, म्हनीसन हे लगीन व्हई राह्यनं. आते चहा प्या, आनि घर जा."